सगळ्यात लहान आधी

जानेवारीत मिशिगनमधल्या नोव्हायला आठ वाजेपर्यंत नीट उजाडत नाही. शाळेची बस त्याच्या आधीच येते. टाउनहाउसच्या त्या वसाहतीतली मुलं कोपऱ्यावर अंधारात उभी राहायची, आणि आईबाप गाड्यांत हीटर लावून काचेतून बघत बसायचे. संघमित्रा मेश्रामकडे सकाळी गाडी नसायची. अनुप ती घेऊन सातलाच ऑफिसला निघायचा. त्यामुळे आपल्या दहा वर्षांच्या उपासनाला सोडायला ती चालत यायची आणि बस येईपर्यंत मुलांबरोबर बर्फात उभी राहायची.

एका सकाळी सहा वर्षांची सिया घसरली ती थेट येणाऱ्या बसच्या समोर. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला म्हणून वाचली. तिचे बाबा अनीश गाडीतून धावत आले, पोरीला उचललं, आणि हुंदके देत देत ड्रायव्हरलाच थँक यू म्हणत राहिले.

पुढचे काही दिवस पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा चालली. कोपऱ्यावर दिवा हवा, मीठ टाकायला हवं, कुणीतरी वसाहतीच्या असोसिएशनला लिहायला हवं. लिहिलं कुणीच नाही. निम्म्याहून जास्त घरं भारतीय, त्यातली बरीच मराठी, आणि जवळपास सगळेच व्हिसावर. कुणाच्या नजरेत यायची कुणाचीच इच्छा नव्हती.

लग्नाआधी संघमित्रा नागपुरात एका संस्थेत होती. वस्त्यांमध्ये मुलांच्या सभा भरवायच्या, हे तिचं काम. गोल करून बसायचं, सगळ्यात लहान मुलाने आधी बोलायचं, कुणी बोलत असताना हसायचं नाही, आणि जे ठरेल ते मुलांनीच मोठ्यांपुढे नेऊन मांडायचं. तिच्या वस्तीतल्या पोरांनी अशाच सभेतून अंगणवाडीला कुंपण मिळवलं होतं. इथे अनुपच्या मागे डिपेंडंट व्हिसावर आल्यापासून हे काम तिने कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं कुणी.

त्या आठवड्यात बसची वाट बघताना तिने मुलांनाच विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे इथे?"

"लाइट," सिया म्हणाली.

"मग मागा की."

"आम्ही? वी आर किड्स."

"म्हणूनच."

शनिवारी वसाहतीच्या क्लबहाऊसमध्ये पहिली सभा भरली. मुलं गालिच्यावर गोल बसली. अकरा वर्षांच्या नेत्राला सगळ्यांनी अध्यक्ष निवडलं, कारण तिचा आवाज मोठा होता आणि ती कुणाला मध्ये बोलू द्यायची नाही. ती समोरच्या राधिकाची मुलगी. राधिका पुण्याची, आणि नोव्हायला आल्यापासून संघमित्राला तीच एक खरी मैत्रीण मिळाली होती. दोघी रोज फिरायला जायच्या, भाज्या एकत्र आणायच्या, एकमेकींच्या डब्यांचा हिशेब कधीच लागायचा नाही.

मुलांनी असोसिएशनच्या बोर्डाच्या बैठकीला जायचं ठरवलं. नेत्राचे बाबा संग्राम बोर्डावर होते. तिथे पहिल्यांदा सिया बोलली. मी पडले, मला भीती वाटली, तिथे दिवा पाहिजे. एवढंच. फेब्रुवारी संपायच्या आत कोपऱ्यावर दिवा लागला.

मग काय, सगळी वसाहत मुलांवर खूश. ग्रुपवर फोटो आले, टाळ्यांचे ढीग पडले. "आमची पोरं डेमोक्रसी शिकतायत यार," असं संग्राम ऑफिसात सांगत फिरला. हे अनुपने घरी येऊन सांगितलं. दोघं एकाच कंपनीत होते. अनुपला तिथे चिकटवलं होतं तेही संग्रामनेच, स्वतः रेफर करून. दर शनिवारी सभा भरू लागली. तळ्याकाठच्या बदकांना ब्रेड घालायचा नाही, पार्किंगमध्ये क्रिकेट कुठे खेळायचं, नव्या मुलाला पहिल्या दिवशी कुणी सोबत करायची. मुलं भांडायची, हात वर करून ठरवायची, आणि ठरलेलं पाळायची. संघमित्रा कोपऱ्यात खुर्चीवर बसायची आणि तोंड उघडायची नाही. कितीतरी वर्षांनी तिला रविवारपासूनच शनिवारची ओढ लागायला लागली.

मार्चच्या शेवटी सभेत विषय निघाला क्लबहाऊसमधल्या कार्यक्रमांचा. दिवाळी झाली होती, हॅलोवीन झालं होतं, होळीला रंग उधळून झाला होता. पुढे काय? मुलं सुचवू लागली. अर्णव म्हणाला, पिझ्झा डे. कुणी ईस्टरची अंडी म्हटलं. उपासनाची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली.

"एप्रिलमध्ये बाबासाहेबांचा बर्थडे असतो. फोर्टीन्थला."

"हू इज ही?" अर्णवने विचारलं.

उपासनाने थोडा विचार केला. "ते लहान होते तेव्हा त्यांना स्कूलमध्ये वेगळं बसवायचे. पाणी पण घेऊ द्यायचे नाहीत. मग ते खूप शिकले. इथे पण शिकले, न्यू यॉर्कमध्ये. आणि मग त्यांनी इंडियाचे रूल्स लिहिले, की असं कुणालाच करायचं नाही."

"दॅट्स सो मीन," सिया म्हणाली. "पाणी का नाही द्यायचे?"

"त्यांची फॅमिली लो आहे असं लोक म्हणायचे."

"बट व्हाय?"

"आय डोन्ट नो," उपासना म्हणाली. "आमच्या घरी वरच्या रूममध्ये त्यांचा फोटो आहे."

नेत्राने मत घेतलं. सगळे हात वर गेले. निळे फुगे, केक, आणि उपासना गोष्ट सांगणार, असं ठरलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर संघमित्रा ते वर गेलेले हात मोजत बसली. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं.

घरी अनुपने पहिला प्रश्न तोच विचारला. "तू सांगितलं का तिला?"

"नाही. तिचं तिनेच मांडलं."

"थांबवायचं ना मग."

"मी कसं थांबवू? सभा मुलांची आहे."

अनुपने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. बरं चाललं होतं."

सभेत काय ठरलं ते नेत्रा दर शनिवारी पालकांच्या ग्रुपवर बोलून पाठवायची. त्या शनिवारीही तिने पाठवलं, नेहमीच्याच उत्साहात. एरवी मिनिटाभरात अंगठे आणि हृदयं यायची. त्या दिवशी काही आलं नाही. रविवारी कुणीतरी कॉस्टकोमधल्या आंब्यांच्या पेटीचा फोटो टाकला, आणि त्यावर सगळे भरभरून बोलले.

सोमवारी राधिका आली. रोजच्यासारखी स्वयंपाकघरात न येता हॉलमध्येच बसली.

"तू नाही ना गं सुचवलंस मुलांना?"

"मी सभेत बोलत नाही. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. पण बाकीच्यांना वाटतंय. म्हणजे, मुलांच्या गोष्टीत पॉलिटिक्स कशाला, असं."

"वाढदिवस पॉलिटिक्स आणि दिवाळी?"

"दिवाळी सगळ्यांची असते गं."

"सगळ्यांची म्हणजे कोणाची?"

राधिकाने मोबाइल उलटा करून सोफ्यावर ठेवला. पुन्हा सुलटा केला. "तू कधी बोलली नाहीस, संघमित्रा."

"काय बोलले नाही?"

"हेच. म्हणजे तुम्ही… जाऊ दे. मला काही फरक पडत नाही, खरंच सांगते. आमच्या घरात असलं काही कुणी मानत नाही. पण सासूबाई आल्यात पुण्याहून. संग्राम बोर्डावर आहे, त्याला दहा जण विचारतात. तू उपासनाला समजाव ना. तिचं काय, लहान आहे, विसरेल."

"लहान आहे म्हणून विसरेल?"

राधिकाचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, हे संघमित्राला नंतरही वाटत राहिलं. राधिका उठली, जाताना तिने मैत्रिणीचा हात दाबला, आणि त्यानंतर ती फिरायला यायची बंद झाली.

उपासना गणिताच्या क्लासला राधिकाच्या गाडीतून जायची; त्या आठवड्यात त्या गाडीत जागा नव्हती. मेसेजवर तिने सॉरी लिहिलं होतं. पुढच्या वेळी अनीशच्याही गाडीत जागा नव्हती. उपासना जॅकेट घालून, दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. तिने दप्तर काढलं आणि विचारलं, "आपण काही चुकीचं केलं का?"

"नाही."

"मग?"

संघमित्राने तिला जवळ घेतलं. नागपुरात ती मुलांना सांगायची, प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा. इथे उत्तर माहीत होतं, आणि तेच सांगता येत नव्हतं.

पालकांनी एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये बैठक बोलावली. नेत्राने हट्ट धरला की बैठक मुलांच्याच पद्धतीने चालेल. मोठे हसून हो म्हणाले. मुलं गालिच्यावर गोल बसली, त्यांच्या मागे खुर्च्यांवर आईबाप. शेवटच्या रांगेत नेत्राची आजी, शोभाताई, शाल पांघरून बसल्या होत्या. अनुपही आला होता. तो येईल असं संघमित्राला वाटलं नव्हतं.

"सगळ्यात लहान आधी," नेत्रा म्हणाली. "सिया."

सिया उभी राहिली. "बर्थडे असला की केक असतो. मला ब्लू फ्रॉस्टिंग पाहिजे."

खुर्च्यांवर हशा पिकला. "नो लाफिंग," नेत्राने मोठ्यांना दटावलं, आणि ते आणखी हसले.

उपासनाच्या पाळीला ती नेहमीसारखी उभी राहिली, पण तिचा आवाज बारीक झाला होता. ती म्हणाली, "मी गोष्ट सांगणार आहे. खूप लाँग नाहीये." आणि लगेच बसली.

मग संग्रामने शिस्तीत हात वर केला. उंचापुरा, गोड बोलणारा माणूस. त्याने आधी मुलांचं कौतुक केलं. मग म्हणाला, "बघा, क्लबहाऊस आपल्या सगळ्यांचं आहे. एकाचं काही केलं की दुसऱ्याला वाईट वाटतं. म्हणून बोर्डाला असं वाटतं की इथे कुणाचेच असे कार्यक्रम नकोत. दिवाळी पण नको, काहीच नको. फेअर आहे की नाही?"

"पण बाबा," नेत्रा म्हणाली, "वाईट कुणाला वाटलं?"

संग्राम हसला. "जनरल सांगतोय बेटा."

"नाही, पण हू? त्यांनी सांगायला पाहिजे ना. सभेचा रूल आहे." ती खुर्च्यांकडे वळली आणि एकेकाकडे बघू लागली. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी फोन. कुणी तिच्याकडे बघून प्रेमाने हसलं. मुलीला खरंच उत्तर हवं होतं. तिचं तोंड उघडं राहिलं होतं, बोलणाऱ्याचं नाव पुकारायला तयार.

"नेत्रा," मागून शोभाताई म्हणाल्या, "मोठ्यांना असं विचारत नाहीत. बस खाली."

नेत्रा बसली नाही. पण तिने पुढे विचारलंही नाही. "ओके," ती म्हणाली, "मग मत घेऊ. ज्यांना बर्थडे करायचा आहे त्यांनी हात वर करा. किड्स फर्स्ट."

सियाचा हात ताबडतोब वर गेला. अनीश खुर्चीतून पुढे वाकले आणि पोरीच्या फ्रॉकची कॉलर नीट करावी तितक्या हळुवारपणे त्यांनी तो हात धरून खाली घेतला. रागावले नाहीत. कानात काही बोललेही नाहीत. सियाने मान वळवून वर त्यांच्याकडे पाहिलं, आणि तो हात मांडीवर असा ठेवला, जणू तो कुणीतरी दुसऱ्याने तिच्याकडे सांभाळायला दिला होता.

बाकीच्या मुलांनी ते पाहिलं. तेवढं पुरलं. अर्णव बुटाची नाडी बांधायला लागला. एकीने केसांतली पिन काढून पुन्हा लावली. उपासनाचा हात वर होता. ती गोलात एकेकाकडे बघत होती, आणि जिच्याकडे बघेल ती मुलगी गालिच्याकडे बघायची. शेवटी तिने नेत्राकडे पाहिलं. अध्यक्षाने शेवटी मत द्यायचं असतं. नेत्राने बापाकडे पाहिलं. संग्राम काही करत नव्हता, नुसता बघत होता. नेत्रा खाली बसली आणि तिने दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले.

"आता मोठे," ती कसंबसं म्हणाली.

संघमित्राने हात वर केला. उपासनाने अजून खाली केला नव्हता. पोरीने मान वळवून बापाला शोधलं. अनुप खिडकीजवळ बसला होता. त्याचे हात गुडघ्यांच्या मध्ये एकमेकांत अडकलेले होते आणि तो जमिनीकडे बघत होता. उपासना थांबली. तिला वाटलं असेल, बाबांना ऐकू आलं नाही. "बाबा," तिने हळूच हाक मारली. अनुपने मान वर केली नाही.

तिघं घरी निघाले. पार्किंगमधले बर्फाचे ढीग काळे पडून अर्धे वितळले होते. उपासना पुढे पळत गेली आणि वर आपल्या खोलीत निघून गेली.

"कंपनीत लोक काढतायत," अनुप जिन्यापाशी म्हणाला. "संग्रामचा शब्द चालतो तिथे. नोकरी गेली तर साठ दिवसांत बॅगा भरून निघावं लागतं. तुला माहीत आहे सगळं."

"तू हात वर केला असता तर नोकरी गेली असती?"

"माहीत नाही."

"मग?"

"तेच ना. माहीत नाही." तो पायरीवर बसून बूट काढू लागला. तो गावाहून नागपुरात शिकायला आला तेव्हा हॉस्टेलच्या मेसमध्ये काय काय ऐकून घेत होता, ते त्याने तिला एकदाच सांगितलं होतं, आणि पुन्हा कधी विचारू नको म्हणून बजावलं होतं. इतक्या लांब तो ते सगळं मागे टाकायला आला होता.

पुढच्या शनिवारी संघमित्राने क्लबहाऊस उघडलं. खुर्च्या बाजूला केल्या. उपासना गालिच्यावर एकटीच बसली. कुणाचा बुद्धिबळाचा क्लास होता, कुणाचं पोहणं सुरू झालं होतं, असं मागून कळलं. नेत्रा खिडकीबाहेरून सायकलवर गेली. तिने हात केला, पण ब्रेक लावला नाही.

"कॅन वी गो?" उपासनाने विचारलं.

चौदा तारखेनंतरच्या रविवारी ते जवळच्याच ट्रॉय शहरात गेले. तिथे एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेऊन मिशिगनमधली आपली माणसं दरवर्षी जयंती करत. वंदना, भाषणं, पोरांचे कार्यक्रम, मग जेवण. उपासना दरवर्षी मंचावर बोलायची. यंदा तिचं नाव पुकारलं तेव्हा तिने आईच्या ओढणीचं टोक घट्ट धरलं आणि नकारार्थी मान हलवली. कुणी आग्रह केला नाही. मुलं लाजतात कधी कधी.

जेवताना लहू काका शेजारी येऊन बसले. मुलाकडे सहा महिने राहायला आलेले, नागपूरचे निवृत्त मास्तर. संघमित्राचं जुनं काम त्यांना ठाऊक होतं.

"पोरी, इथं सुरू कर ना तुझी बालसभा," ते म्हणाले. "केवढी पोरं आहेत बघ. त्यांना बोलायला शिकव."

संघमित्राने कॅफेटेरियाकडे पाहिलं. टेबलांमधून पोरं धावत होती, निळ्या फेट्यांतली, घामेजलेली. त्यांना गोल करून बसवायला पाच मिनिटं लागली नसती. पण त्यांना सांगणार काय? तुमच्या शब्दाला किंमत आहे, असं? वस्तीत तिच्या सभेवर नगरसेवकाची माणसं ओरडत यायची. पोरांना समोर कोण आहे ते दिसायचं, आणि ती आणखी जोरात बोलायची. इथे कुणीच ओरडलं नव्हतं.

"बघू, काका," ती म्हणाली.

"बघू नको, कर."

"हो," ती म्हणाली, आणि ताटातला भात कालवत राहिली.

उन्हाळा तसाच गेला. पालकांच्या ग्रुपवरून कुणी तिला काढलं नाही, पण दुसरा एक ग्रुप निघाला असावा, कारण या ग्रुपवर आता कुणी काही लिहीत नव्हतं. अनुपची नोकरी टिकली. त्याच्या बाजूच्या दोघांची गेली. राधिका दिसली की थांबायची, तब्येतीचं विचारायची, घाईत असायची.

गणपतीचे दिवस आले तेव्हा गणपती क्लबहाऊसमध्येच बसला. सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून बोर्डाने मंजुरी दिली होती. ढोल होते, लाइटिंग होतं. राधिका स्वतः दारात आली. "उपासनाला तरी पाठव गं. नेत्रा सारखी विचारते," ती म्हणाली. मेश्रामांच्या घरात गणपती कधी बसला नव्हता, पण क्लबहाऊसमधल्या खेळांना आणि जेवणाला उपासना आधीपासून जायची. संघमित्रा नाही म्हणणार होती. मग तिने लेकीकडे पाहिलं. पोरगी जिन्याच्या पायरीवर उभी होती आणि तिला जायचं होतं. पाच महिने तिला कुणी खेळायला बोलावलं नव्हतं.

"जा," संघमित्रा म्हणाली.

उपासनाने स्वतःच कपडे बदलले, केस विंचरले, आणि गेली. संघमित्रा खिडकीपाशी बसून राहिली. अनुप लॅपटॉप उघडून बसला होता, पण त्याच्या टायपिंगचा आवाज येत नव्हता. तिकडून ढोल ऐकू येत होते, मग टाळ्या, मग मुलांचा गोंगाट.

संध्याकाळ व्हायच्या आत ती परत आली, कागदी बशीत दोन मोदक घेऊन. चेहरा बरा दिसत होता. गालांवर खेळल्याची लाली होती.

"मजा आली?" संघमित्राने विचारलं.

"हो. नेत्राने मला तिच्या टीममध्ये घेतलं." उपासनाने बशी टेबलावर ठेवली. मग आईच्या अगदी जवळ आली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तिला धीर द्यावा तशा आवाजात म्हणाली, "डोन्ट वरी, आई. मी तिथे काहीच बोलले नाही."